कर्करोगात छातीत पाणी होते तेव्हा: पहिल्या सुईपासून घरच्या नळीपर्यंत

कर्करोगाच्या रुग्णाच्या छातीत पाणी झाल्याचे कळले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ते काढता येईल ना? काढता येते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात काढूनही होते. अडचण त्यानंतरची आहे. कर्करोगामुळे झालेले पाणी नुसते सुईने काढून सोडून दिले, तर बहुतेक रुग्णांमध्ये ते महिन्याभरात परत भरते. मग पुन्हा धाप, पुन्हा धावपळ, पुन्हा सुई, आणि दर खेपेला रुग्ण आधीपेक्षा थकलेला. हे टाळायचे असेल तर पहिली सुई नुसती सुटका म्हणून न बघता चाचणी म्हणून बघायला हवी. त्या दिवशी काय दिसले, यावर पुढचा सगळा निर्णय उभा राहतो. हा लेख उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पर्याय नाही. त्यांच्यासमोर बसताना कोणते प्रश्न सोबत न्यायचे, ते कळावे यासाठी आहे.

पाणी साठते कुठे आणि का

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असते आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून दुसरे. या दोहोंच्या मध्ये निरोगी माणसातही काही मिलिलिटर द्रव असतो, श्वास घेताना फुफ्फुस सहज सरकावे म्हणून. तो सतत झिरपतो आणि पिंजऱ्याकडच्या आवरणातील लसिकावाहिन्या तो सतत शोषून घेतात. कर्करोगाच्या पेशी आवरणावर पोचल्या की झिरपणे वाढते आणि निचऱ्याच्या वाटा बुजतात. फुफ्फुस आणि स्तन या दोन कर्करोगांत हे सर्वाधिक दिसते. शिवाय लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, अंडाशयाचा कर्करोग, पचनसंस्थेचे कर्करोग, आणि आवरणाचाच कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा.

पाणी फुफ्फुसाच्या बाहेर असल्याने वाफ, खोकल्याचे औषध किंवा इनहेलर त्याच्यापर्यंत पोचत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही या पाण्यावर फारसा उपयोग होत नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास सोबत असेल तर गोष्ट वेगळी. आणि एक गैरसमज आधीच काढून टाकतो: रुग्णाने पाणी कमी प्यायल्याने छातीतले पाणी कमी होत नाही. आधीच अशक्त असलेल्या माणसाला तहानलेले ठेवण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

धाप लागते ती फुफ्फुस दाबले गेल्यामुळे, पण तेवढ्यानेच नाही. पाण्याच्या वजनाने श्वासपटल खाली ढकलले जाते आणि त्याची हालचाल बिघडते. म्हणूनच बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९६ दिसत असतानाही रुग्ण धापा टाकत असू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून त्रास खोटा ठरवू नका.

पहिली पायरी: हे पाणी कर्करोगाचेच आहे का?

कर्करोग आहे आणि छातीत पाणी आहे, म्हणजे पाणी कर्करोगाचेच, असे गृहीत धरणे ही सर्वांत सोपी चूक. न्यूमोनिया, क्षयरोग, हृदयाचा अशक्तपणा, रक्तातील अल्ब्युमिन उतरणे, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी, रेडिएशनचा परिणाम यांनीही पाणी होते. काही औषधांनीही होते. रक्ताच्या कर्करोगावरचे डासाटिनिब हे त्यातले ठळक उदाहरण. पाणी दोन्ही बाजूंना सारखेच आणि पायांवरही सूज असेल, तर हृदय, यकृत, मूत्रपिंड आधी तपासावेत.

एक्स-रेमध्ये साधारण २०० मिलिलिटर साठल्यावर पाणी दिसू लागते. सोनोग्राफीत त्याहून कमीही दिसते, आणि त्यात जाळ्या-कप्पे झाले आहेत का हेही कळते. गाठी, आवरणाचा जाडपणा यांसाठी सीटी स्कॅन लागतो.

पाणी थोडे आहे, रुग्णाला काही त्रास नाही आणि निदानही आधीच पक्के आहे, अशा वेळी ते काढण्याची गरज नसते. एक्स-रेमधल्या पांढऱ्या भागावर उपचार करायचा नसतो, माणसाच्या त्रासावर करायचा असतो. नवीनच आढळलेल्या पाण्याचा नमुना मात्र सहसा घेतात, कारण त्यावर आजाराचा टप्पा ठरतो. फुफ्फुसाच्या कर्करोगात या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या की आजार चौथ्या टप्प्यात धरला जातो आणि उपचारांची दिशाच बदलते.

दुसरी पायरी: पहिली सुई

आदल्या दिवशी डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी द्या. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन, नुकतीच झालेली केमोथेरपी, शेवटचा प्लेटलेटचा आकडा, भुलीच्या औषधाची अॅलर्जी, सगळे सांगा. रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते थांबवायचे का आणि किती दिवस, हे ते कशासाठी चालू आहे यावर ठरते.

निघण्यापूर्वी एक छोटे काम करा, जे फारसे कुणी करत नाही. रुग्ण सध्या किती चालला की थांबतो, किती उशांवर झोपतो, एका दमात किती बोलू शकतो, हे कागदावर लिहून ठेवा. या तीन ओळींचे मोल पुढे कळेल.

रुग्णाला बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवून पुढे वाकायला सांगतात. सोनोग्राफीने जागा बघून तिथे भूल देतात आणि बरगडीच्या वरच्या कडेला लागून सुई घालतात, कारण रक्तवाहिनी आणि नस बरगडीच्या खालच्या कडेने जातात. सोनोग्राफीशिवाय सुई घालणार असे कळले तर ती का नाही, हे जरूर विचारा. सोनोग्राफीमुळे फुफ्फुसाला सुई लागून हवा गळण्याचा धोका कमी होतो, आणि ही सोय आता दुर्मीळ राहिलेली नाही.

एका वेळी साधारण एक ते दीड लिटरपर्यंतच पाणी काढतात. सगळे एकदम काढा, असा आग्रह धरू नका. बरेच दिवस दबलेले फुफ्फुस झटकन फुगले तर त्याच्या आतच सूज येऊ शकते, आणि तो प्रकार दुर्मीळ असला तरी गंभीर आहे. पाणी निघताना थोडा खोकला येतो, ते फुफ्फुस उलगडत असल्याचे लक्षण असते. छाती आवळल्यासारखी वाटली, खोकला थांबेचना किंवा चक्कर आली तर मात्र लगेच सांगायचे. तिथेच काढणे थांबवतात.

आणि विचारा: नमुना कुठे कुठे जाणार आहे? प्रोटीन, एलडीएच (पेशींतले एक एन्झाइम), साखर, पेशींची मोजणी, जंतूंसाठी कल्चर, आणि कर्करोगाच्या पेशींसाठी सायटॉलॉजी या नेहमीच्या तपासण्या. क्षयरोगाची शंका असेल तर एडीए, म्हणजे क्षयरोगात वाढणाऱ्या एका एन्झाइमची चाचणी. सायटॉलॉजीसाठी ५०-६० मिलिलिटर तरी द्यावे. कर्करोगाचा प्रकार किंवा त्यातले जनुकीय बदल अजून ठरायचे असतील तर याच पाण्यापासून सेल ब्लॉक, म्हणजे पाण्यातल्या पेशी गोळा करून केलेला घट्ट नमुना, बनवायला सांगता येतो. त्यावर फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या, किंवा स्तनाच्या कर्करोगात हार्मोन आणि हर-२ या प्रथिनाच्या चाचण्या होऊ शकतात, आणि कधीकधी वेगळी बायोप्सी टळते. लिटरभर पाणी फेकून दिल्यावर हे आठवून उपयोग नाही.

रिपोर्ट वाचताना

पाण्यातले प्रोटीन रक्तातल्या प्रोटीनच्या निम्म्याहून जास्त, किंवा एलडीएच रक्तातल्या एलडीएचच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा ते रक्तातल्या सामान्य कमाल पातळीच्या दोन-तृतीयांशांहून जास्त, यांपैकी एकही असेल तर त्याला एक्झुडेट म्हणतात. हे निकष रिचर्ड लाइट यांनी १९७२ मध्ये मांडले आणि आजही तेच वापरतात. कर्करोगाचे पाणी सहसा या गटात मोडते. न्यूमोनिया आणि क्षयरोगाचेही मोडते, म्हणून एवढ्यावर निकाल लागत नाही.

सायटॉलॉजीत ‘कर्करोगाच्या पेशी नाहीत’ असे आले तर लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नका. कर्करोगाचे पाणी असलेल्या दहा रुग्णांपैकी साधारण सहांमध्येच पहिल्या नमुन्यात पेशी सापडतात. दुसरा नमुना पाठवणे योग्य. तिसरा-चौथा पाठवत राहण्यात मात्र वेळ जातो. तोवर शंका कायम असेल तर थोरॅकोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आवरण बघून तिथला तुकडा घेणे. त्यात ९० टक्क्यांहून अधिक वेळा निदान होते, आणि त्याच बैठकीत पाणी काढून टाल्क, म्हणजे आवरणे एकमेकांना चिकटवणारी पावडर, फवारताही येते.

तिसरी पायरी: सुईने दिलेली उत्तरे

आता तो कागद काढा. पाणी काढल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत तीन गोष्टी बघायच्या.

धाप किती कमी झाली? चालणे वाढले, उशा कमी झाल्या, तर पाणीच दोषी होते आणि त्याचा कायमचा बंदोबस्त करण्यात अर्थ आहे. लिटरभर काढूनही काडीचा फरक नसेल तर धापेचे कारण दुसरे शोधावे लागते: फुफ्फुसातली गुठळी, फुफ्फुसाच्या लसिकावाहिन्यांत पसरलेला कर्करोग, उतरलेले हिमोग्लोबिन, हृदय. अशा रुग्णाला वारंवार सुया टोचणे म्हणजे नुसता त्रास. निर्णयातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि घाईत नेमका हाच सुटतो.

फुफ्फुस फुगले का? नंतरच्या एक्स-रेमध्ये किंवा सोनोग्राफीत हे दिसते. कधी फुफ्फुसावर कर्करोगाची जाड साल बसलेली असते, कधी श्वासनलिका गाठीने बंद असते. मग पाणी काढले तरी फुफ्फुस उघडत नाही आणि काढताना छातीत दुखते.

पाणी किती दिवसांत परत भरले? आठवड्यात की दोन महिन्यांत, यावर उपायाची घाई ठरते.

चौथी पायरी: पुढचा उपाय निवडणे

कर्करोगावरच्या औषधाने पाणी आटोक्यात येईल का, हे आधी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाला विचारा. लिम्फोमा, स्मॉल सेल प्रकारचा फुफ्फुसाचा कर्करोग, कधी स्तनाचा कर्करोग, आणि नेमक्या जनुकीय बदलावर गोळी उपलब्ध असलेला फुफ्फुसाचा कर्करोग, यांत औषध लागू पडले तर पाणीही ओसरते. पण औषधाला वेळ लागतो. रुग्ण धापा टाकत असताना ‘केमोने जाईल’ म्हणून पाणी तसेच ठेवू नये.

आयुष्य काही आठवड्यांचेच उरले आहे असे डॉक्टरांचे मत असेल, तर गरज पडेल तेव्हा सुईने पाणी काढणे हाच सौम्य मार्ग. त्यापेक्षा जास्त काळ अपेक्षित असेल तर सुयांच्या फेऱ्या योग्य नाहीत. दर वेळी थोडा धोका असतो, प्रोटीन जाते आणि पाण्यात जाळ्या तयार होऊ लागतात. त्या वाढल्या की पुढचे पर्यायही अवघड होतात.

मग दोन मार्ग उरतात. एक प्लुरोडेसिस, म्हणजे दोन आवरणे एकमेकांना चिकटवून पाण्याला जागाच न ठेवणे. दुसरा, त्वचेखालून नेलेली कायमची बारीक नळी बसवून घरीच पाणी काढत राहणे. फुफ्फुस फुगत नसेल तर प्लुरोडेसिसचा विचार सोडावा; कागद भिंतीला टेकलाच नाही तर गोंद कितीही चांगला असून काय उपयोग? अशा वेळी, आणि पाणी काढल्याने बरे वाटत असेल तर, नळीच.

फुफ्फुस फुगत असेल तर दोन्ही मार्ग खुले आहेत, आणि इथे ‘कोणते चांगले’ याचे उत्तर रुग्णाकडे असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाइम-२ या चाचणीत नळी आणि टाल्क या दोहोंनी धाप सारखीच कमी झाली. नळीच्या गटात रुग्णालयातले दिवस कमी लागले, तर नळीशी संबंधित तक्रारी जास्त झाल्या. म्हणजे चार-पाच दिवस दाखल राहून नंतर शरीरावर काही नको, असे वाटणाऱ्याने टाल्क घ्यावे. रुग्णालय नकोसे झालेल्या आणि घरी मदतीला माणूस असलेल्याने नळी घ्यावी. घरी कुणीच नसेल, हात थरथरत असतील, ड्रेसिंग बघूनच भोवळ येत असेल, तर नळीसाठी घरी येणाऱ्या परिचारिकेची सोय आधी बघा, मगच हो म्हणा.

दोन्हींचा मेळही घालता येतो. २०१८ च्या आयपीसी-प्लस चाचणीत घरी नळी असलेल्या रुग्णांना बाह्यरुग्ण विभागातच नळीतून टाल्क दिले. पस्तिसाव्या दिवशी ४३ टक्के रुग्णांचे पाणी थांबले होते; टाल्क न दिलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते.

प्लुरोडेसिस करताना

छातीत तात्पुरती नळी घालून आधी पाणी पूर्ण काढतात, एक्स-रेमध्ये फुफ्फुस उघडल्याची खात्री करतात. मग नळीतून भुलीचे औषध आणि त्यानंतर सलाईनमध्ये मिसळलेले साधारण ४ ग्रॅम निर्जंतुक टाल्क सोडतात. नळी तासभर बंद ठेवून पुन्हा उघडतात. काही ठिकाणी टाल्कऐवजी पोव्हिडोन आयोडीन, डॉक्सिसायक्लिन किंवा ब्लिओमायसिन वापरतात. आयोडीन वापरणार असतील तर थायरॉइडचा त्रास आणि आयोडीनची अॅलर्जी आधी सांगा. दुर्बिणीतून टाल्क फवारणे जास्त आधुनिक वाटते, पण २०२० मध्ये आलेल्या टॅप्स चाचणीत ते नळीतून दिलेल्या टाल्कपेक्षा सरस ठरले नाही.

पहिले एक-दोन दिवस छातीत दुखते आणि ताप येतो. औषधाने आतून मुद्दाम सूज आणलेली असते, त्याचाच हा भाग. दुखणे सहन करत बसू नका, वेदनाशामक वेळेवर मागा. सूज उतरवणारी आयब्युप्रोफेनसारखी औषधे घेतल्याने चिकटणे बिघडते अशी जुनी भीती होती. २०१५ च्या टाइम-१ चाचणीत तसे आढळले नाही. मूत्रपिंड किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असेल तर मात्र ती टाळतात. स्टेरॉइड चालू असल्यास डॉक्टरांना आठवण करून द्या.

नळीची बाटली कायम छातीच्या पातळीखाली ठेवायची. चालताना उचलून खांद्यापर्यंत नेली की पाणी उलटे छातीत जाऊ शकते. नळीवर झोपू नका, तिला पीळ पडू देऊ नका. यश शंभर टक्के नसते. फुफ्फुस पूर्ण उघडलेले असताना साधारण दहापैकी सात-आठ रुग्णांत पाणी थांबते.

घरची नळी सांभाळताना

ही मऊ सिलिकॉनची नळी असते. ती काही सेंटिमीटर त्वचेखालून नेलेली असते आणि तिच्यावरच्या कापडी पट्ट्यात त्वचा रुजते, त्यामुळे ती सहज निसटत नाही. बसवण्याचे काम तेवढ्याच जागेला भूल देऊन होते आणि बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. केमोथेरपी चालू असतानाही ती ठेवता येते.

पहिल्या दोन-तीन वेळा परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने पाणी काढून बघा. नुसते पाहून ते येत नाही. हात साबणाने धुवायचे, साहित्य स्वच्छ कापडावर मांडायचे, निर्जंतुक हातमोजे घालायचे. झडपेचे टोक अँटिसेप्टिकने पुसायचे, ते वाळू द्यायचे आणि मगच बाटली जोडायची. ते टोक टेबलाला, कपड्याला, कशालाही लागले तर पुन्हा पुसायचे. एका वेळी एक लिटरपेक्षा जास्त काढू नका. दुखू लागले किंवा खोकल्याची उबळ आली तर वेग कमी करा, नाही थांबले तर तिथेच संपवा. नवे टोपण लावा, ड्रेसिंग बदला, आणि वहीत तारीख, किती निघाले, रंग कसा होता हे लिहा.

रोज काढायचे की धाप लागली तरच? २०१७ च्या असॅप चाचणीत रोज काढणाऱ्यांपैकी ४७ टक्के रुग्णांचे पाणी आपोआप थांबले, एक दिवसाआड काढणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांचे. नळी लवकर निघावी अशी इच्छा आणि ताकद असेल तर रोज. आजार पुढे गेला असेल तर त्रास होईल तेव्हाच काढले तरी चालते. लागोपाठ तीन वेळा ५० मिलिलिटरपेक्षा कमी निघाले तर डॉक्टरांना कळवा. धापही नसेल आणि सोनोग्राफीत पाणी दिसत नसेल तर नळी काढता येते. पाणी येणे थांबले पण धाप वाढत असेल तर अर्थ उलटा: नळी तुंबली असेल किंवा पाणी कप्प्यांत अडकले असेल. घरी जोराने पाणी आत ढकलून नळी मोकळी करायचा प्रयत्न करू नका.

टाके निघाल्यावर जलरोधक ड्रेसिंग लावून अंघोळ करता येते. टबात बसणे किंवा पोहणे मात्र नाही.

पाणी पिवळसर किंवा लालसर असणे नेहमीचे आहे. गढूळ, पू-सारखे, वास येणारे पाणी, ताप, थंडी, नळीभोवती वाढती लाली किंवा पाझर, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. साधारण वीस रुग्णांमागे एकाला जंतुसंसर्ग होतो आणि बहुतेकदा नळी न काढता प्रतिजैविकांनी तो बरा होतो. सुई किंवा नळीनंतर अचानक धाप वाढणे, छातीत तीव्र कळ, ओठ निळसर होणे, शुद्ध हरपू लागणे, नळीतून ताजे रक्त येणे, या वेळी फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट आपत्कालीन विभाग गाठा.

पाणी काढूनही उरलेली धाप

काही धाप पाण्याची नसतेच, आणि तिच्यावरही उपाय असतात. टेबलावर हात टेकून पुढे वाकून बसवा. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घ्यायला द्या. नाका-गालांवरच्या गार वाऱ्याने श्वासाची घुसमट खरोखर कमी होते. ऑक्सिजन त्याची पातळी उतरली असेल तरच उपयोगी. आकडा चांगला असताना सिलिंडर आणून फार काही हाती लागत नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, डॉक्टरांना याच टप्प्यावर, शक्य तर आधीच, भेटा. कर्करोगाचे उपचार चालू असतानाही त्यांची मदत घेता येते. ते बहुधा मॉर्फिनचा अगदी लहान डोस सुचवतील. मॉर्फिन म्हटले की घरचे बिचकतात, पण योग्य मात्रेत ते धापेची जाणीव कमी करते, आणि त्या मात्रेत श्वास थांबण्याची भीती बाळगण्याचे कारण नसते. त्याने बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ हमखास होते, तेव्हा पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध सोबत लिहून घ्या.